राणेमामांची भिंत

दिनांक: गेल्या वर्षीची खंडेनवमी. वेळ: सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

हजर: दिगंबर परब, शेडचा खलाशी, म्हणजे फिटरचा मदतनीस. रघुनाथ राणे, निवृत्त फिटर, वय अठ्ठ्याहत्तर, खुर्चीसकट. बॉयलर इन्स्पेक्टर बाई, हेल्मेट आणि फाइलसह. आमचे साहेब, आकाश निरभ्र असताना छत्रीसह, कारण शर्ट पांढरा. मी, सुनंदा तावडे, ऑफिस सुपरिंटेंडंट. भटजी, येतो म्हणाले होते. इंजिन: हजर, थंड.

त्या सकाळी वहीत हे असंच लिहून ठेवलं होतं, ते उतरवून काढलं. मला याद्या करायची सवय आहे. वाणसामानाची, माळ्यावर काय आहे त्याची, गणपतीत कोण कुठल्या दिवशी जेवायला येणार त्याची. नवरा पाहुण्यांना सांगतो, "हिच्याकडे तिच्या याद्यांचीपण यादी आहे." आहे. या सवयीवर नोकरीत मी चांगलं नाव कमावलं आणि याच सवयीने एकदा मोठा घोटाळा केला. तो इथे सांगते.

आधी आमचं स्टेशन. तिकीट काढून चढाउतरायचं हे स्टेशन नव्हे. गोदीतून गिरण्यांकडे कापसाच्या गाठी नेणारी रुळांची एक फांदी काळाचौकीच्या मागून जायची, तिच्यावरचं हे मालाचं स्टेशन. एक फलाट, कौलारू ऑफिस आणि एक शेड, संपलं. मोठ्या मार्गांवर विजेच्या गाड्या कधीच्या आल्या, पण या फांदीवर कोणी तारा ओढल्याच नाहीत. त्यामुळे कोळशाचं इंजिन इथे इतरांपेक्षा बरंच उशिरापर्यंत चाललं. मी कारकून म्हणून रुजू झाले तेव्हा त्याची शेवटची दोन वर्षं चालू होती. माझ्या टेबलावर सकाळी पांढरा कागद ठेवला की जेवणापर्यंत त्याच्यावर बोटाने नाव लिहिता यायचं.

तेव्हा संध्याकाळी चाळीतल्या बायका घमेली घेऊन रुळांशेजारच्या राखेच्या खड्ड्याशी यायच्या. अर्धवट जळलेले कोळसे वेचून शेगडीसाठी न्यायच्या. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो. मग डिझेलचं इंजिन आलं. मग गिरण्या बंद पडल्या आणि न्यायला गाठीच उरल्या नाहीत. फलाटावर काही वर्षं जुनी कपाटं आणि मोडके पंखे होते. त्या कपाटांची यादी माझी. मग काही वर्षं आसपासची पोरं तिथे क्रिकेट खेळायची, शेडचं दार म्हणजे स्टंप. आणि मग एक दिवस वरून कागद आला की आम्ही हेरिटेज आहोत.

हेरिटेज झाल्यावर शेडमधलं जुनं इंजिन दुरुस्त झालं, काळ्या-लाल रंगात उजळलं आणि शनिवार-रविवारी लोक बघायला येऊ लागले. शेजारच्या दोनशे मीटर रुळांवर ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला, खरोखर पेटवून चालवायचं. गिरणगावात त्या दिवशी यंत्रांना सुट्टी असते, हत्यारं धुऊनपुसून त्यांची पूजा करतात. आमच्याकडे उलटं आहे. आमचं यंत्र वर्षभर सुट्टीवर असतं आणि त्या एका दिवशी कामाला लागतं.

गिऱ्हाइकंही बदलली. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. एकदा फोटोग्राफरने मला विचारलं, "मॅडम, धूर जरा डावीकडून मिळेल का?" जवळच्या गणेश मंडळाचा एक कार्यकर्ता इंजिन देखाव्यासाठी मागायला आला होता.

"दहाच दिवस मॅडम. अकराव्या दिवशी जसंच्या तसं परत."

"बावीस टनांचं आहे ते."

"मॅनेज करू."

त्याचा चेहरा इतका खात्रीचा होता की मी दोन मिनिटं खरंच रस्त्याची रुंदी मनात मोजली.

आता राणेमामा. मामा मूळचे कुडाळकडचे, राहायला इथेच चाळीत. आधी फायरमन, मग फिटर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी दर खंडेनवमीला इंजिन तेच पेटवायचे. बाहेरच्यांना वाटतं आगपेटी लावली की झालं. तसं नसतं. थंड बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, पाच-सहा तास जातात. आधी पाणी किती आहे ते काचेच्या नळीत बघायचं, राखेची पेटी साफ करायची, कुठले नळ उघडे आणि कुठले बंद ते तपासायचं, तेल घालायचं, मग तेलात बुडवलेला सुताचा चोथा, मग लाकूड, मग कोळसा. पाणी कमी असताना आग लावली तर बॉयलर जातो, आणि कधीकधी शेजारी उभा असलेला माणूसही.

हे सगळं मामांनी कधी लिहून ठेवलं नाही. त्यांच्याआधीच्या मिस्त्रींना लिहितावाचता येत नव्हतं, त्यांनी एक युक्ती केली होती, तीच मामांनी चालू ठेवली. शेडच्या दाराच्या डाव्या हाताच्या भिंतीवर सव्वीस खिळे, उजव्या हाताच्या भिंतीवर सव्वीस खिळे. डावीकडे हत्यारं कामाच्या क्रमाने टांगलेली. पहिलं काढायचं, त्याचं काम करायचं, उजवीकडच्या पहिल्या खिळ्यावर टांगायचं. मग दुसरं. डावी भिंत रिकामी झाली की इंजिन तयार. मध्येच कोणी चहाला बोलावलं, भांडण झालं, काही झालं, तरी परत आल्यावर भिंत बघितली की कुठवर आलो ते कळतं. इंजिन थंड करताना हाच क्रम उलटा, उजवीकडून डावीकडे.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसायचं की लांब सळईच्या शेजारी छोटी बुधली, तिच्या शेजारी पाना, मग झाडू, मग पुन्हा पाना, आणि समोरची आख्खी भिंत रिकामी. माझ्यासारख्या बाईला असली भिंत बघून झोप लागत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी नीटनेटकेपणाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आले होते. आल्या आल्या शेड हाती घेतली. पाने पान्यांजवळ, लहानापासून मोठ्यापर्यंत. सळया एकत्र, बुधल्या फळीवर. जुने खिळे उपटले, भोकं लांबी भरून बुजवली, भिंती रंगवल्या, प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा पिवळ्या रंगात काढून खाली नावाची पट्टी लावली. एक लांब काठी होती, टोकाला आकडा असलेली. ती हत्यारांत चुकून आली असणार म्हणून मी ऑफिसात नेली. वरचं व्हेंटिलेटर उघडायला अगदी बरोबर उंचीची होती. तिलाही पट्टी लावली: "खिडकीची काठी."

साहेबांनी कौतुक केलं. फोटो निघाला, कार्यालयाच्या पत्रिकेत छापूनही आला. त्यात भिंत झाल्यानंतरची आहे. आधीचा फोटो मी काढलाच नव्हता. यादीत तो मुद्दाच नव्हता.

भाद्रपदात मामा जिन्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मामा वॉकरवर आले, पण इंजिनावर चढणं आता कायमचं बंद. मी घरी भेटायला गेले तर मामा मलाच धीर देऊ लागले. "दिगू करतलो. घाबरू नको. भिंत आसा मां."

भिंत आहे ना, म्हणाले. मला वाटलं टेकायला म्हणत असतील.

इथे साहेबांबद्दल सांगायला हवं. साहेब वाईट नाहीत, पण त्यांना जोखीम आवडत नाही. बॉयलरची मुदत त्या वर्षी संपत होती. इन्स्पेक्टर बाईंसमोर इंजिन पेटवून दाखवलं तर परवाना पुढे चालू, नाहीतर इंजिन चौथऱ्यावर चढणार, कायमचं थंड. नकाशा तयार होता. "धुराचं मशीन बसवू," साहेब म्हणाले. "बटण दाबलं की धूर. रोज. आणि कोणाला भाजायची भीती नाही." मी मान डोलावली, कारण वाद लेखी घालायची सवय आहे, तोंडी नाही. पण त्या दिवशी घरी भाजी करपवली.

अष्टमीला, म्हणजे आदल्या दिवशी, दिगंबरने मामांना टॅक्सीने शेडमध्ये आणलं. सगळी तयारी एकदा डोळ्याखालून घालावी म्हणून. मामा वॉकर टेकत दारात आले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे बघितलं.

"सुनंदा," ते म्हणाले, "माझी भिंत खंय गेली गो?"

मी उत्साहाने पट्ट्या दाखवल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "बरां दिसता," म्हणाले. मग खुर्चीवर बसले आणि दिगंबरला म्हणाले, "आता तुका कसा कळतला, आधी खयचां नि मागसून खयचां?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, शांतपणे, न रागावता. ती हत्यारं नव्हती, ती यादी होती. सव्वीस कलमांची. आणि ती मोडणारी कोण, तर मी.

मी वही उघडली. "सांगा मामा, मी लिहून घेते. एक नंबर?"

मामांनी हात भिंतीकडे नेला आणि परत मांडीवर ठेवला. "तोंडान सांगूक नाय येवचां माका. हातात आसा तां."

आयुष्यभर हात भिंतीकडे जायचा, डोकं त्याच्या मागून. हाताला भिंत सापडत नव्हती. एकाच हत्याराबद्दल दोनदा विचारलं तर दोन उत्तरं यायची. दिगंबर इतकी वर्षं मामांच्या हाताखाली होता, पण त्यालाही तुकडे तुकडेच आठवत होते. "मॅडम, मी बघायचो. पण भिंत होती ना, लक्षात कशाला ठेवायचं?"

शेवटी दिगंबरनेच तोडगा काढला. मामांची खुर्ची जुन्या भिंतीसमोर ठेवली आणि म्हणाला, "डोळे मिटा. पहाट झालीय. इंजिन थंड आहे. करा."

मामांनी डोळे मिटले. मग उजवा हात उठला, हवेतून काहीतरी काढून घेतलं, वाकले, नळी पुसल्यासारखं केलं आणि ते दुसऱ्या बाजूला टांगलं. "काचेचं फडकं," दिगंबर कुजबुजला. मी लिहिलं: एक. मग मनगट वळलं. "नळाची चावी." दोन. मग मामांनी दोन्ही हात एकावर एक धरून डोक्याच्या वर नेले, चेहरा आकाशाकडे केला, क्षणभर थांबले आणि सावकाश खाली आणले.

"नमस्कार," दिगंबर म्हणाला.

आम्ही दोघांनी नकळत आपापल्या पायातल्या चपला बाजूला केल्या. खंडेनवमीची पहाट, यंत्र पेटवायचं, नमस्कार असणारच. मी लिहिलं: तीन. वर बघून नमस्कार करणे.

पूर्ण व्हायला साडेतीन तास लागले. मध्ये मामांना दोनदा चहा दिला, आणि गंमत म्हणजे चहानंतर त्यांचा हात बरोबर जिथे थांबला होता तिथूनच निघायचा. सव्वीस कलमं झाली. मी संध्याकाळी ती टाइप केली, तीन प्रती काढल्या आणि हत्यारं नव्या क्रमाने, म्हणजे जुन्या क्रमाने, टेबलावर मांडून ठेवली.

आता पुन्हा सकाळचे सहा दहा.

इन्स्पेक्टर बाई तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. एक प्रत त्यांच्या फाइलला लावली. मामा खुर्चीवर, फलाटावर, इंजिनापासून दूर. दिगंबरने काच पुसली, नळ तपासले, मग चपला काढून, चिमणीकडे बघून, मनापासून नमस्कार केला. साहेबांनीही केला. मग पुढची कलमं. सातच्या सुमाराला आग लावली.

पहिली दोन मिनिटं छान गेली. मग धूर चिमणीतून वर जायचा सोडून भट्टीच्या दारातून मागे यायला लागला. दिगंबर खोकत खोकत खाली उतरला. साहेबांनी छत्री धुराकडे धरली. इन्स्पेक्टर बाईंनी घड्याळात बघितलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मला चौथरा दिसू लागला, वर धुराचं मशीन, शेजारी बटण.

तेवढ्यात फलाटावरून मामा ओरडले, "झाकान! मेल्या, झाकान काढलंस काय?"

"कसलं झाकण?"

"चिमणीचां!"

चिमणीत कबुतरं घर करतात म्हणून मामांनी पत्र्याचं झाकण बसवलं होतं, कडेच्या आत, काळं, खालून अजिबात न दिसणारं. दर वर्षी पेटवायच्या आधी कोणी यायच्या आत ते काढायचे आणि दुसऱ्या दिवशी चिमणी गार झाली की परत एकटेच येऊन बसवायचे. ते काढायला लागते एक लांब काठी. टोकाला आकडा असलेली.

"मग काल नमस्कार का केलात?" मी विचारलं.

"नमस्कार कसलो? मी झाकान काढी होतंय!"

छप्पन्नाव्या वर्षी मी फलाटावरून ऑफिसपर्यंत धावले, खिडकीची काठी काढली, व्हेंटिलेटर धाडकन मिटलं, आणि काठी घेऊन परत धावले. दिगंबरने आकडा कडीत अडकवून झाकण उचललं. इंजिनाने एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि धूर सरळ वर गेला. कबुतरं चिडून उडाली.

इन्स्पेक्टर बाईंनी हेल्मेट मागे सारलं, माझी टाइप केलेली यादी काढली आणि तिसऱ्या कलमावर पेनचं टोक ठेवलं.

"मॅडम, बाकीची यादी बरोबर आहे, की अजून कुठे नमस्कार आहे?"

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. पण त्या हसत होत्या. मी तिसरं कलम खोडलं, वर लिहिलं: काठीने चिमणीचं झाकण काढणे. बाजूला सही केली. मग त्या म्हणाल्या, "थांबा, आता एक एक कलम मला म्हातारबाबांसमोर वाचून दाखवा." वाचलं. मामांनी डोळे मिटून प्रत्येकावर मान हलवली. अठराव्याला नाही हलवली. तेल आधी आणि पाना नंतर, असं होतं. तेही दुरुस्त केलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेला लागला आणि सुरक्षेची झडप स्वतःहून उघडून फुसफुसली. भटजी त्याच वेळी आले आणि दचकून दोन पावलं मागे गेले. दिगंबरने शिट्टी दिली. रस्त्यापलीकडच्या चाळीच्या गॅलऱ्या भरल्या. इंजिन दोनशे मीटर गेलं, दोनशे मीटर परत आलं. साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर छातीच्या मधोमध एक काळा ठिपका पडला, आणि साहेब तो सगळ्यांना दाखवत फिरत होते.

परवाना मिळाला, पण एका वर्षाचा. शेरा असा: पेटवणारी दोन माणसं नावानिशी नोंदलेली हवीत, एक आजारी पडलं तर दुसरं. पहिलं नाव दिगंबर. दुसऱ्यासाठी साहेब इकडेतिकडे बघू लागले.

मामा म्हणाले, "सुनंदा, तुझां नाव घाल."

"मामा, मी कारकून आहे."

"मगे? काल साडेतीन तास कोण शिकला? दिगू तर अर्धो वेळ चाय आणूक गेल्लो."

गेलं वर्षभर दर शनिवारी मी मामांकडे जाते. भिंती पूर्वीसारख्या झाल्या आहेत, सव्वीस खिळे इकडे, सव्वीस तिकडे. पिवळ्या रेषांवर मी स्वतः चुना फासला. पट्ट्या काढल्या. सव्वीसही कलमं मला आता हाताने येतात, डोळे मिटून, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर सुद्धा. नवऱ्याने त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे. लेखी परीक्षा झाली, डोळे-कान तपासून झाले.

यंदाची खंडेनवमी दीड महिन्यावर आहे. अर्ज माझ्या टेबलावर आहे. नाव, वय, हुद्दा भरलं. त्यात एक रकाना आहे: बॉयलर स्वतः पेटवल्याचा अनुभव. इन्स्पेक्टर बाईंनी त्यासाठी सरावाचा एक दिवस मंजूर केलाय. कोळसा आला आहे, लाकूड फोडून झालं आहे, दिगंबर कुठल्याही दिवशी तयार आहे. तारीख तेवढी मी कळवायची आहे. ती वहीत तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली, कारण या वेळी आग लावणारी मी आहे. अजून कळवलेली नाही.